दुसरी निगेटिव्ह

क्योतो, १८ फेब्रुवारी १९९६

अण्णा,

मायना लिहिताना दोनदा अडले. शेवटी हाक मारते तेवढंच लिहिलं.

पत्र मुद्दाम स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवतेय. घरी आलं असतं तर आईने आधी स्वतः वाचलं असतं, मग देवापुढे ठेवलं असतं आणि मग आठ दिवस तुमच्या ताटाभोवती 'विभाचं पत्र आलंय हो' करत फिरली असती. तीन वर्षं तिची पत्रं येतात. प्रत्येकात 'अण्णा बरे आहेत' ही एक ओळ असते. मीही उत्तरात 'अण्णांना नमस्कार' लिहिते. आपल्या दोघांचा व्यवहार त्या दोन ओळींवर चाललाय.

समेटासाठी लिहीत नाहीये, गैरसमज नको. एक बातमी आहे आणि ती तुमच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल.

गेल्या महिन्यात माझा फोटो काढला. पासपोर्टचा नव्हे. लाकडी कॅमेरा, तिपाई, काळं कापड, चार बाय पाच इंची फिल्म. काढणारी बाई आहे, चिनी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिचं नाव मियाओ रुइफान. इथे सगळे तिला मियाओ-सान म्हणतात. आईला सांगू नका, मांजर आठवून हसून हसून तिची पाठ धरेल. ही नानजिंगहून सहा वर्षांपूर्वी शिकायला आली. सकाळी डब्यांच्या दुकानात भात भरायचं आरुबाइतो करते, म्हणजे तासावारी काम, आणि उरलेल्या वेळात या शहरातल्या तिशीच्या आतल्या मुलामुलींचे फोटो काढते. जिथे काम करतात तिथे, कामाच्या कपड्यांत. मी तिची चोविसावी.

मी भातावरच्या करपा रोगाचा अभ्यास करते हे आईने सांगितलंच असेल. दिवसभर पानांवरचे डाग मोजायचे. हसा, मलाही सुरुवातीला हसू यायचं. तर विद्यापीठाच्या शेतावर बियाणं वाळवायची खोली आहे, तिथे उभी राहिले. गमबूट, चिखलाची पँट. टोपी नेहमीच्या खिळ्याला अडकवायला गेले, तर ती म्हणाली, "हातातच असू दे." मागे पांढरी भिंत.

तिने काळ्या कापडात डोकं घातलं मात्र, माझी मान आपोआप डावीकडे वळली. उजवा गाल कॅमेऱ्याला. सव्वीस वर्षांची सवय, अण्णा, तुम्हीच लावलेली. डाव्या कानापासून हनुवटीपर्यंतचा माझा जांभळा डाग जन्माच्या दिवशी तुम्ही माझ्याआधी पाहिलात आणि पहिल्याच वाढदिवसाच्या फोटोपासून तो भिंतीकडे ठेवायला शिकवलंत. मियाओ-सान कापडाबाहेर आली. स्टुलावर बसून बाटलीतला चहा प्यायली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझी मान अवघडली, मग राग आला आणि रागारागाने मी सरळ लेन्समध्ये बघितलं. तेव्हा तिने फोटो घेतला.

परवा प्रिंट पाहिला. अण्णा, मी चांगली दिसते. सुंदर म्हणत नाही. ज्याला आपलं काम येतं तो माणूस कसा उभा राहतो, तशी उभी आहे. आणि डाग आहे. सगळाच्या सगळा आहे.

हे कोणाला तरी सांगायचं होतं. उत्तराची अपेक्षा नाही.

विभा


७ एप्रिल १९९६

अण्णा,

उत्तराची अपेक्षा नाही असं लिहिलं होतं ते खोटं होतं. सात आठवडे रोज जिन्याखालची टपालपेटी उघडून बघतेय.

बरं, पुढचं ऐका. मियाओ-सानची एक पद्धत आहे. फिल्मच्या होल्डरला दोन बाजू असतात हे मी तुम्हाला काय शिकवणार. ती दोन्ही बाजू वापरते, पाठोपाठ, एकाच पोझमध्ये. पहिली निगेटिव्ह तिची. दुसरी, उभं राहणाऱ्याची. ती त्याने न्यायची आणि वाटेल ते करायचं. नोव्हेंबरात सान्जो रस्त्यावरच्या एका लहान गॅलरीत प्रदर्शन आहे. तिथे वर तिने छापलेला फोटो लागणार आणि त्याच्या खाली, त्या माणसाने आपल्या निगेटिव्हचं काय केलं ते. एका ब्राझीलच्या पोराने ती सायकलच्या चाकात बसवलीय. एका मुलीने जाळून राख आणून दिली. मियाओ-सानने ती राख बाटलीत भरून ठेवलीय, बाटली लागणार.

माझी टेबलाच्या खणात पडून आहे. काय करायचं सुचेना. आणि त्याच खणात आपला तो फोटो आहे, साताऱ्याच्या स्थळासाठी तुम्ही काढलेला. मी निघताना आईने गुपचूप माझ्या बॅगेत टाकला होता, 'तिकडे कोणी चांगला भेटला तर.' हिरवी पैठणी, हातात गुलाब आणि डावा गाल लोण्यासारखा स्वच्छ. तो मी दोनदा टाकून द्यायला काढला. पण इथे जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, चुकलं तर शेजारची आजी पिशवी परत दारात आणून ठेवते. फोटो कशात जातो ते ठरेना, म्हणून राहिला.

तो मी मियाओ-सानला दाखवला. हसण्यासाठी, खरं सांगते. म्हटलं बघ, तू चोवीस जणांचे खरे चेहरे गोळा करतेस, हा माझा खोटा बघ.

ती हसली नाही. भिंग घेऊन खिडकीशी गेली आणि मला वाटलं तिथेच राहते आज.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

"माझ्या वडिलांनी. डाग फिका यावा म्हणून लाल फिल्टर लावून काढला आणि मग तीन दिवस निगेटिव्हवर पेन्सिल चालवली."

"माझी आई सरकारी स्टुडिओत बावीस वर्षं हेच करायची," ती म्हणाली. "चांगली होती. पण भिंगाखाली तिची पेन्सिल दिसायची. ही दिसत नाही. बघ, इथे त्वचेची छिद्रंसुद्धा आहेत. कानाखाली लव आहे. एवढं करायचं तर तीन दिवस तुझ्या गालाकडेच बघत बसले असणार ते."

मग तिने फोटो दोन्ही हातांनी मला परत दिला, इथे मोठ्यांना व्हिजिटिंग कार्ड देतात तसा.

मला तिचा राग आला. आणि अण्णा, त्याच वेळी माझी मान ताठ झाली. नानजिंगच्या बाईने कराडच्या हाताला मान दिली आणि मी त्या हाताची मुलगी. दोन्ही एकदम झाल्यावर काय करतात ते माहीत नव्हतं, म्हणून मी उठून चहा टाकला.

विभा


२ जून १९९६

अण्णा,

आज एक कबुली आहे. बसून वाचा.

साताऱ्याची मंडळी आली त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललो नाही. मुलाच्या आईने तुम्ही काढलेला फोटो पर्समधून काढला, माझ्या तोंडाशेजारी धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही हिची बहीण का?" तुम्ही म्हणालात, "फोटोत थोडंफार करावं लागतं." पोहे तसेच ठेवून ते गेले. तेही चाललं असतं. पण मग तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला सांगितलं होतं, खिडकीकडे तोंड करून बसू नकोस."

ते वाक्य मी इथवर घेऊन आलेय.

आता माझी बाजू. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात, तेव्हा मी स्टुडिओत आले. कपाटातून ४४१७ नंबरचं पाकीट काढलं. तुमच्याच रिटचिंगच्या चाकूने निगेटिव्हवरचा माझा चेहरा खरवडून काढला. सगळा, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग पाकिटात घालून जागच्या जागी ठेवली आणि दहाव्या दिवशी विमानात बसले. आईला वाटतं तुम्ही जपानला नको म्हणालात म्हणून मी न बोलता गेले. मी तोंड दाखवायला लाजत होते म्हणून न बोलता गेले.

तुम्ही कधी कोणाची निगेटिव्ह फेकली नाहीत. मेलेल्यांच्या आहेत, मोडलेल्या लग्नांच्या आहेत. पुराच्या साली आपलं सामान खाली राहिलं आणि निगेटिव्ह आधी माळ्यावर गेल्या. त्यातली एक मी, तुमच्या मुलीने, खरवडली. कपाट उघडलं तर कधीतरी दिसेलच, पण माझ्या तोंडून कळलेलं बरं.

या पत्राबरोबर पुठ्ठ्यांच्या मध्ये माझी दुसरी निगेटिव्ह आहे. एकच आहे, दुसरी प्रत नाही. तुमच्या डार्करूममध्ये तुम्ही छापा. पेन्सिल लावायची तर लावा, लाल फिल्टरचं काम पेन्सिलने भरून काढायला तुम्हाला जड नाही. मी मियाओ-सानला शब्द दिलाय की तुमच्याकडून जे येईल ते भिंतीवर लागेल. गाल पुसून पाठवलात तर पुसलेला लागेल, खाली तुमचं नाव असेल आणि वर माझा खरा चेहरा. सगळं क्योतो दोन्हीकडे बघेल. मी तिथेच शेजारी उभी राहीन, हलणार नाही.

वीस ऑक्टोबरच्या आत पोचायला हवं.

विभा


२९ सप्टेंबर १९९६

अण्णा,

आईचं पत्र काल आलं. 'तुझं जाडजूड पाकीट आलं त्याला अडीच महिने झाले. ह्यांनी उघडलं, बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं. विचारलं तर उठून जातात. आता गणपती बसले त्याच आठवड्यात एकदम डार्करूमचं दार लावून घेतलंय. तीन दिवस झाले. आरतीला हाक मारून आणावं लागतं, हाताला फोटो धुवायच्या त्या हायपोचा वास, निरांजनही धड धरत नाहीत.'

तीन दिवस.

एक निगेटिव्ह छापायला तुम्हाला वीस मिनिटं लागतात, मी ट्रे हलवलेत तुमच्याबरोबर. तीन दिवस कशाला लागतात तेही मला ठाऊक आहे.

ठीक आहे. पुसा. शब्द दिलाय तो मोडणार नाही, लावीन. पण एक सांगते, काल मी पत्र वाचून शेतावर गेले, चारशे पानं मोजली, एकही आकडा चुकला नाही. मला आता एवढ्याने काही होत नाही. हे पत्र लिहितानासुद्धा काही होत नाहीये.

विभा


१३ ऑक्टोबर १९९६

अण्णा,

आलं.

विद्यापीठाच्या फाटकाशी पोस्टमन भेटला. पाकिटावर तुमचं अक्षर बघून मी सायकल स्टँडवरच बसले. प्रिंट काढायचा धीर होईना म्हणून आधी चिठ्ठी वाचली. ती आता पाठ झालीय, तरी इथे उतरवते, तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाही एकदा दिसू दे.

'चि. विभास, अनेक आशीर्वाद. प्रिंट सोबत आहे. चेहऱ्याला पेन्सिल लावलेली नाही. लावण्यासारखे काही आढळले नाही. डागाचा टोन पहिल्या दहा प्रिंटांत खरा येत नव्हता, कधी फार काळा, कधी फिका. अकरावा बरोबर आहे. तुमच्या बाईंचा प्रिंट तपासून पाहावा, त्यात डाग जास्त काळा आला असण्याचा संभव आहे. डोक्यामागे भिंतीत खिळा दिसत होता. चांगल्या फोटोग्राफरने तो आधी काढून घ्यावा. मी काढला आहे. निगेटिव्ह परत पाठवत नाही. ४४१७ चे पाकीट तीन वर्षे रिकामे होते, त्यात ठेवली आहे. आईची प्रकृती ठीक. पं. ह.'

मी तिथे किती वेळ रडले सांगत नाही. एक जपानी पोरगा रुमाल देऊन, वाकून, पळून गेला.

पाकीट रिकामं होतं. म्हणजे मी निघाले त्याच सुमारास तुम्ही ते उघडलं होतंत. तुम्हाला माहीत होतं. आईलाही बोलला नाहीत. आणि मी तीन वर्षं इथे बसून 'कधी दिसेल, कधी दिसेल' करत होते.

मग प्रिंट बाहेर काढला. अण्णा, मी आरशात रोज बघते, पण माझ्या डागाला कडेने एक हलकी किनार आहे आणि तो कानापाशी विरत जातो हे मला तुमच्या प्रिंटमध्ये कळलं. तीन दिवस तुम्ही तो पुसत असाल असं मला वाटलं होतं. तुम्ही तो नीट उमटावा म्हणून बसला होतात. मागच्या पत्रात मी जे फणफणले ते हवेत सोडून द्या. त्या पत्रातलं 'काही होत नाही' हेही खोटं होतं.

मियाओ-सान आधी चिडली. "तो खिळा मी मुद्दाम ठेवला होता! ती टोपी त्या खिळ्याची आहे!" बराच वेळ खिळ्यावर बोलली, अर्धं जपानीत, अर्धं मला न कळणाऱ्या भाषेत. मी म्हटलं, आमच्या स्टुडिओत माणसामागे खिळा चालत नाही, वडिलांनी कराडमधल्या प्रत्येक भिंतीचे खिळे काढलेत. मग तिने आपला प्रिंट तुमच्या प्रिंटशेजारी ठेवला. मला दोन्हींच्या मधे उभं केलं, दिवा हलवून हलवून माझ्या गालाकडे बघितलं.

"ते बरोबर आहेत," शेवटी ती म्हणाली. "डाग मी काळा केला. छापताना जास्त वेळ दिला. लोकांनी आधी तोच बघावा म्हणून."

एवढं म्हणून ती डार्करूममध्ये गेली आणि आपला फोटो पुन्हा छापला. तुमच्या प्रिंटवरून, अण्णा. तुमचा प्रिंट समोर टेकवून, टोन जुळवत. सहाव्या कागदावर जुळला. मी ट्रे हलवत होते. माझ्याइतकी अभिमानाने फुगलेली मुलगी त्या दिवशी जपानात दुसरी नसेल.

आता माझं राहिलेलं. ४४१७ च्या बाबतीत मी चुकले. तुमचं तीन दिवसांचं काम होतं आणि तुमच्याच चाकूने मी ते नासवलं. खिडकीच्या वाक्याबद्दल तुम्ही चिठ्ठीत एक अक्षर लिहिलेलं नाही, ते मी पाहिलं. 'लावण्यासारखे काही आढळले नाही' या ओळीखाली मी बोट ठेवून पाहिलं आणि मला ते पुरलं. तुम्हाला माफी मागता येत नाही, मलाही तीन वर्षं आली नाही. आई म्हणतेच, नाक आणि हट्ट दोन्ही मी तुमच्यावरून घेतले.

तुमची,
विभा


१७ नोव्हेंबर १९९६

अण्णा,

काल प्रदर्शन उघडलं. सविस्तर लिहिते, कारण आईला तुम्ही वाचून दाखवणार आहात. हो, दाखवणारच आहात.

लहानशी गॅलरी, वर जायला लाकडी जिना, बूट काढून आत. चोवीस चेहरे, ओळीने. मासळीबाजारातला मुलगा रबरी एप्रनमध्ये, शाळेतली शिक्षिका, सायकलवाला ब्राझीलचा पोरगा, राखेच्या बाटलीवर ती मुलगी. सगळे सरळ समोर बघतात. पहिल्यांदा आत गेले तेव्हा वाटलं, हेच सगळे आपल्याला बघायला आलेत. आणि अण्णा, मी त्यांच्यात शोभते.

माझ्या दोन फोटोंच्या बाजूला पाटी आहे. जपानीत, आणि खाली मियाओ-सानने हट्टाने माझ्याकडून मराठीत लिहून घेतली: 'वरचा प्रिंट: मियाओ रुइफान. खालचा प्रिंट: पंढरीनाथ हुपरीकर, सुमन फोटो स्टुडिओ, कराड.' आईचं नाव क्योतोच्या भिंतीवर लागलंय, तिला सांगा. बाकीच्यांच्या खाली सायकलची चाकं आणि राख. माझ्याखाली फोटोच. त्यामुळे लोक तिथे थबकतात. त्यांना वाटतं काहीतरी फरक असणार आणि तो शोधायला लागतात.

मी कबूल केल्याप्रमाणे शेजारी उभी होते. पांढरी कुडती घातली होती, केस मागे बांधलेले, दोन्ही गाल उघडे.

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. जाड चष्मा, हातात घडी केलेली छत्री. वर बघितलं, खाली बघितलं. चष्मा काढून पुसला. मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांनी घाईने कमरेत वाकून नमस्कार केला, फोटोतल्या माणसाला बघताना पकडले गेल्यासारखा.

"माफ करा," ते म्हणाले, "मी दोन्ही सारखेच समजत होतो."

"सारखे नाहीत. नीट बघा," मी म्हटलं.

ते पुन्हा वळले. डोळे बघितले, टोपी बघितली, बुटांवरचा चिखल बघितला. मग डाग. वरचा डाग, खालचा डाग, बराच वेळ, किनारीपासून कानापर्यंत. त्यांना वाटत होतं फरक तिथेच असणार. मीही त्यांच्याबरोबर बघत होते आणि मला अजिबात घाई नव्हती. तिथे त्यांना काही सापडणार नव्हतं.

शेवटी त्यांनी छत्रीचं टोक उचललं आणि लहान मुलासारखे ओरडले, "खिळा! खाली खिळा नाही!"

"हो," मी म्हटलं. "तेवढाच एक माझ्या वडिलांना खपला नाही."

विभा